पहिल्या दिवसाआधी पाठ हवं

ईमेल आली तेव्हा मी लालबागमधल्या एका क्लासमध्ये अकरावीला घर्षण शिकवत होते. वैमानिकाचं लायसन्स मिळून चार वर्षं झाली होती आणि ती चारही वर्षं मी फळ्यावर ठोकळे आणि बाण काढण्यात घालवली होती. मधल्या काळात एका कंपनीने परीक्षा घेतली, मुलाखत घेतली, निवडलंसुद्धा, आणि मग 'कळवू' म्हणून ती गप्प बसली. ती आता बोलली. एकोणीस दिवसांनी हजर व्हायचं होतं.

मी तास अर्धवट सोडला नाही. उरलेलं घर्षण संपवलं, मुलांना गणितं दिली आणि जिन्यात येऊन ईमेल परत वाचली. पहिल्यांदा वाचताना फक्त निवडीचं वाक्य दिसलं होतं. दुसऱ्यांदा खालचा परिच्छेद दिसला. विमानाचं प्रशिक्षण सुरू होण्याआधी सोबत जोडलेला मजकूर शब्दशः पाठ असला पाहिजे. पहिल्याच सकाळी लेखी परीक्षा. नापास झाल्यास दोन दिवसांनी आणखी एक संधी. तीही गेल्यास बॅचमधून नाव कमी.

'शब्दशः' हा शब्द त्यांनी ठळक केला होता.

बाहेरच्या माणसाला वाटतं की विमानात सगळं पुस्तकात बघून करतात, आणि ते बरंचसं खरंही आहे. बिघाड झाला की एकाने विमान सांभाळायचं, दुसऱ्याने यादी उघडून वाचायची. पण काही प्रसंगांत यादी उघडायला वेळच नसतो. केबिनमधला हवेचा दाब गेला, पंखांचा हवेवरचा आधार सुटला, जमिनीजवळ अचानक वारा फिरला, धावपट्टीवर उतरल्यावर ब्रेकच लागेनात. अशा वेळी करायच्या गोष्टी तोंडपाठ लागतात. त्यांना मेमरी आयटम्स म्हणतात. त्यानंतर आकडे येतात: कुठल्या वेगाच्या वर चाकं बाहेर काढायची नाहीत, किती आडव्या वाऱ्यात उतरायचं नाही, असे पानंच्या पानं. त्यानंतर फ्लो, म्हणजे कॉकपिटमध्ये हात कुठल्या बटणावरून कुठल्या बटणावर जाईल त्याचा ठरलेला क्रम. आणि मग कॉलआउट्स, म्हणजे कुठल्या क्षणी दोघांपैकी कुणी मोठ्याने काय म्हणायचं.

घोडपदेवला आमच्या चाळीत घरी आले, जेवले आणि पहिलं पान घेऊन बसले. तासाभरात कळलं की मला हे जमत नाही.

मला समजून घेता येतं, पाठ करता येत नाही. शाळेत कविता म्हणायला उभं केलं की तिसऱ्या ओळीला माझी मान खाली जायची. आणि चार वर्षं मी रोज मुलांना ओरडून सांगत होते, पाठ करू नका रे, का ते समजून घ्या. आता माझ्यासमोर ब्रेक न लागण्याचं पान होतं. पहिली ओळ, इंजिनांचा उलटा जोर पूर्ण लावा. दुसरी ओळ, ब्रेक पेडल्स सोडा. ब्रेक लागत नाहीत आणि मी पाय काढून घ्यायचा? माझं डोकं तिथेच अडून बसलं. दीड तास शोधून मी कारण काढलं: पाय दाबलेला ठेवून ब्रेकची पद्धत बदलली तर सगळा दाब एकदम चाकांवर येतो आणि टायर फुटू शकतात. मला इतका आनंद झाला की मी आईला बोलावून समजावलं. ती कोलंबी सोलत होती. "बरं," म्हणाली. मग मी पान उलटं ठेवून म्हणायला गेले आणि चौथी ओळ आठवेना. कारण पूर्ण कळलं होतं. ओळ मात्र आठवत नव्हती.

फ्लोसाठी कॉकपिटचं चित्र लागतं, खऱ्या मापाचं. ते समोर लावून खुर्चीत बसायचं आणि हात फिरवायचे. मी लालबागलाच एका फ्लेक्सवाल्याकडे फाइल घेऊन गेले. त्याने स्क्रीनवर बघून विचारलं, "हे कुणाच्या वाढदिवसाचं?" मी म्हटलं, विमानाचं आहे, अभ्यासाला. "मग नाव कुठे टाकू?" नाव टाकायचं नाही, फोटो टाकायचा नाही, फक्त आहे तसं छापा, असं मी तीन वेळा सांगितलं. दुसऱ्या दिवशी गुंडाळी घरी आणली. खोलीत मोकळी भिंत एकही नव्हती, म्हणून समोरचं पॅनल लोखंडी कपाटाच्या दारांवर चिकटवलं आणि डोक्यावरचं पॅनल पोटमाळ्याच्या खालच्या बाजूला, खुर्चीत बसलं की बरोबर वर येईल असं. तेवढ्यापुरतं ते झकास जमलं. पण आईला कपाटातलं काहीही हवं असलं की कॉकपिट मधोमध उघडायचं.

"अगो, बाजूला हो, टॉवेल काढू दे."

"आई, मी इंजिन सुरू करतेय."

"मग बंद कर."

चार दिवस मी असे हात फिरवले. पाचव्या दिवशी दादरला माझ्या पार्टनरच्या घरी गेले. प्रशिक्षण दोघादोघांच्या जोडीने होतं आणि कंपनीने माझी जोडी त्याच्याशी लावली होती. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, आईवडील दोघेही डॉक्टर, घराणं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतलं. त्याला अभ्यासाला वेगळी खोली होती आणि त्या खोलीला लागणारं दार होतं. त्याच्या भिंतीवरच्या चित्रासमोर बसून मी हात उचलला आणि तो बटणाच्या वीतभर बाहेर पडला. परत केलं, परत बाहेर.

"तुझं चित्र बरोबर आहे ना?" त्याने विचारलं.

घरी येऊन मापाची टेप लावली. फ्लेक्सवाल्याने चित्र आडवं ताणलं होतं. मी तडक दुकानात गेले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमचा साइज स्टँडर्ड नव्हता. बाजूला पांढरी पट्टी राहत होती, दिसायला बरं नाही. म्हणून वाइड केलं." चार दिवस माझे हात चुकीचं अंतर शिकले होते. मी दुकानाच्या पायरीवरच बसले. त्याने पाणी दिलं आणि मी बसले असतानाच नवीन छापून दिलं, ह्या वेळी दोन्ही बाजूंना पट्टी सोडून.

पार्टनरची गोष्ट वेगळी होती. त्याने आठवडाभरात सगळे मेमरी आयटम्स डोळे मिटून, एका लयीत म्हणून दाखवले. लहानपणी तो पाठांतराच्या स्पर्धांना जायचा, स्तोत्रं म्हणायचा, बक्षिसांचे पेले अजून शोकेसमध्ये होते. "अगं, अर्थाकडे लक्षच द्यायचं नाही," तो म्हणाला. "ओळीची चाल पकडायची. अर्थ नंतर येतो."

"आणि आला नाही तर?"

"परीक्षेत कारण विचारलेलं नाहीये."

तो चांगला मुलगा होता. माझ्यासाठी थांबायचा, पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायचा, त्याची आई आम्हाला डिश भरून साबुदाणा वडे आणून द्यायची. पण त्या बंद दाराच्या खोलीतून मी बाहेर पडायचे तेव्हा इतकी चिडलेली असायचे की भायखळ्यापर्यंत बसमध्ये कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. मनातल्या मनात ओळी म्हणायचे आणि प्रत्येक वेळी नवीन जागी अडखळायचे.

घरी माझी तपासणी बाबांकडे होती. बाबा गोदीत क्रेन चालवायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. सकाळी कॉटन ग्रीनला जुन्या सोबत्यांत बसायचं, दुपारी जेवून पेपर वाचायचा, असा त्यांचा दिवस. शाळा आठवीपर्यंत. इंग्रजी ते अक्षर लावून वाचायचे, शब्दाखाली बोट धरून. मीच पहिल्या दिवशी त्यांच्या हातात कागद दिला होता. "बाबा, मी म्हणते, तुम्ही बघा."

"इमर्जन्सी डिसेंट," मी सुरू केलं. म्हणजे हवेचा दाब गेला की विमान झपाट्याने खाली आणायचं. "क्रू ऑक्सिजन मास्क, ऑन."

"थांब." बोट अडलं होतं. "इथे यू-एस-ई लिहिलंय."

"यूज. तेच ते, बाबा. मास्क लावायचा."

"मग त्यांनी ऑन का नाही लिहिलं?"

"अर्थ एकच आहे."

"असेल. पण इथे यू-एस-ई लिहिलंय."

असं प्रत्येक ओळीला. मी 'सेट' म्हटलं की त्यांच्या बोटाखाली 'सिलेक्ट' असायचं. मी 'चेक' म्हटलं की 'कन्फर्म'. त्यांना अर्थ माहीत नव्हता, त्यामुळे त्यांना माझी सबब पटायचीच नाही. आणि बोट धरून वाचत असल्यामुळे ते माझ्यामागे एक ओळ असायचे. मी थांबायचे, ते येऊन पोचायचे, मग सांगायचे की मागची ओळ चुकली.

आठव्या दिवशी माझा तोल गेला. दादरहून आले होते, शेजारच्या खोलीत शिलाईचं मशीन चालू होतं, आईने दोनदा कपाट उघडलं होतं आणि बाबांनी मला एकाच पानावर चार वेळा थांबवलं. चौथ्या वेळी मी म्हणाले, "तुम्हाला त्यातलं काही कळत नाही, मग उगाच अडवता कशाला?"

बाबांनी कागद घडी घालून पाण्याच्या बाटलीखाली ठेवला. उठले. चिडले की त्यांच्या तोंडी गावची भाषा यायची.

"नाय कळत," म्हणाले. "माका काय कळता त्यातला?"

चपला घातल्या आणि गॅलरीतून निघून गेले. आईने मशीनचा आवाज येत होता त्या बाजूची खिडकी लावून घेतली, बस.

पुढचे दोन दिवस मी फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकत बसले. फोनची अडचण अशी की तो अडवत नाही. मी चुकीचं म्हणायचे, तो चुकीचं ऐकवायचा आणि दोघंही समाधानी. बाबा माझ्याशी जेवण, पाणी, दूध ह्यापलीकडे बोलत नव्हते. माफी मागायची होती, पण सकाळी उठलं की पहिलं डोळ्यांसमोर ते पान यायचं आणि माफी उद्यावर जायची. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही आला होता. माझ्यावर एवढं दडपण आहे आणि ह्यांना रुसायला सुचतंय.

अकराव्या दिवशी दुपारी बाबा कॉटन ग्रीनहून परत आले ते हातात शंभर पानी वही घेऊन. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"म्हण."

मी वही घेऊन उघडली. त्यांनी माझ्या कागदांच्या झेरॉक्स काढल्या होत्या. गोदीतलेच एक निवृत्त कारकून त्यांचे सोबती, त्यांना इंग्रजी वाचता यायचं. त्यांना शेजारी बसवून बाबांनी दोन दिवसांत सगळं देवनागरीत उतरवून घेतलं होतं. त्यांच्या जाड, दाबून काढलेल्या अक्षरात पानामागून पान: 'थ्रस्ट लिव्हर्स, आयडल.' 'स्पीड ब्रेक्स, फुल.' अर्थ कुठेही नव्हता, फक्त उच्चार होते.

"आता बोट लावायला नको," ते म्हणाले. "आता मी तुझ्याबरोबर धावतो. म्हण."

मी काहीतरी बोलायला गेले. "बाबा, त्या दिवशी..."

"ते राहू दे. इमर्जन्सी डिसेंट."

आणि मग जमायला लागलं. कसं ते मला नीट सांगता येणार नाही. बाबा दाढी करताना विचारायचे, लसूण सोलताना विचारायचे, मी न्हाणीत असले तर दाराबाहेरून विचारायचे. क्रम न ठेवता, मधूनच. मी चुकले की वहीकडे न बघता शब्द फेकायचे. मी 'सेट' म्हणायचे आणि ते 'शिलेक्ट' म्हणून गुरगुरायचे. 'प्रेस'ला ते 'परेस' म्हणत. कारण वगैरे काही नव्हतं. बाबांनी म्हटलं म्हणून ते तसं होतं. दोन दिवसांत मी दादरला जाऊन अख्खी यादी न अडता म्हटली. पार्टनरने टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी घरी येताना मी बसमध्ये पहिल्यांदा खिडकीबाहेर बघितलं.

तेराव्या दिवशी संध्याकाळी कंपनीची दुसरी ईमेल आली. विमान बनवणाऱ्यांनी पुस्तकाची नवी आवृत्ती काढली होती. जुनी प्रत वापरू नये. परीक्षा नव्या मजकुरावर होईल.

दोन बदल होते. एक अख्खा आयटम पाठांतरातून काढून टाकला होता. तो आता पुस्तकात बघून करायचा होता. म्हणजे मी आणि बाबांनी तो फुकट घोकला. आणि ब्रेक न लागण्याच्या पानावर 'प्रेस'च्या जागी 'अप्लाय' आलं होतं.

मी पार्टनरला फोन केला. तो नवीन पान आधीच पाठ करून बसला होता. "अगं, एक शब्द तर आहे," तो म्हणाला.

"एक शब्द शिकायचा असता तर ठीक होतं रे. एक शब्द विसरायचाय. तो कसा विसरतात ते सांग."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

बाबांना सांगणं त्याहून अवघड गेलं. त्यांनी वही पुढ्यात घेऊन ऐकून घेतलं. "बदललं कुणी?"

"विमान बनवतात त्यांनी."

"मग आधी कळलं नव्हतं त्यांना?"

"तसं नसतं बाबा. सुधारत राहतात."

"सुधारा म्हणावं. पण तुझ्या परीक्षेच्या तोंडावर?" हेच वाक्य मी मनातल्या मनात तासभर म्हणत होते, पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मी कंपनीची बाजू घेतली. बाबांनी पेनाने जुना शब्द खोडला, वर 'अप्लाय' लिहिलं. काढून टाकलेल्या आयटमच्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. ते पान त्यांनी सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहिलेलं होतं.

त्यानंतरचे सहा दिवस वाईट गेले. बाबा विचारायचे, मी म्हणायचे, आणि त्या ओळीला आल्यावर त्यांच्याच तोंडून 'परेस' निसटायचं. "परेस... नाय, नाय, अप्लाय." मग मी त्यांना सुधारायचे. पुढच्या वेळी मी 'प्रेस' म्हणायचे आणि ते मला सुधारायचे. एकदा दोघंही एकदम चुकलो आणि आई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "अप्लाय." तिलाच काय ते बरोबर येत होतं.

परीक्षा विमानतळाजवळच्या एका इमारतीत झाली. थंड खोली, पांढरी टेबलं. इन्स्ट्रक्टर बाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या, वर्षानुवर्षं कॅप्टन म्हणून उडालेल्या. मी भराभर लिहिलं. आकडे आले, इमर्जन्सी डिसेंट आलं. ब्रेकच्या पानावर आले, उलटा जोर लिहिला, पेडल्स सोडा लिहिलं, पुढच्या दोन ओळी लिहिल्या, आणि 'ब्रेक पेडल्स' असं लिहिल्यावर मला कानात स्पष्ट ऐकू आलं: परेस. मी लिहून टाकलं. पुढे गेले. परत वाचतानाही ते मला बरोबरच वाटलं, इतक्या ओळखीच्या आवाजात ते आलं होतं.

जेवायच्या सुट्टीनंतर निकाल लागला. मेमरी आयटम्समध्ये एकही शब्द चुकलेला चालत नव्हता. आमच्या बॅचमध्ये तीन जण नापास झाले, त्यातली मी एक. माझ्या पेपरवर फक्त एका शब्दाभोवती लाल वर्तुळ होतं.

मी बाईंकडे गेले. "मॅडम, अर्थ तोच आहे ना. पाय पेडलवर दाबायचाच आहे."

"अर्थ मला कळला," त्या म्हणाल्या. "पण शेजारच्या सीटवरचा माणूस एक शब्द ऐकायला बसलेला असतो. तू दुसरा म्हणालीस की तो क्षणभर थांबतो. धावपट्टी संपत आलेली असताना तो क्षण तू कुठून आणणार आहेस?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच जास्त राग आला. चार वर्षं थांबले, एकोणीस दिवस घोकलं, आणि एका शब्दावर. तोही असा, जो तेराव्या दिवसापर्यंत बरोबर होता. मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले. पार्टनर बाहेर उभा होता. "परवा होईल गं," तो म्हणाला. तो पास झाला होता, शंभरपैकी शंभर. मी मान हलवली. बोलले असते तर वाईट बोलले असते.

घरी बाबा गॅलरीतच होते.

"कुठला चुकला?"

"एक आकडा," मी म्हणाले. "आडव्या वाऱ्याचा."

"कितीचा?"

मी सांगितला. बाबा आत गेले, वही घेऊन खाटेवर बसले, पानं उलटली. "हा तर तुला पहिल्या दिवसापासून येतो," ते म्हणाले. मी चहा गाळत होते. वर बघितलं नाही. पानं उलटल्याचा आवाज येत राहिला आणि मग थांबला. मी वळले तेव्हा खोडलेल्या शब्दाचं पान त्यांच्या मांडीवर उघडं होतं.

"ह्योच ना?"

खोटं बोलायचा माझ्यात जोर उरला नव्हता. "हो."

आईने माझ्या हातातून चहाची गाळणी काढून घेतली. मग बाबा म्हणाले, "माझ्यामुळे घोळ झाला."

"तुमच्यामुळे नाही. तुमच्यामुळेच तर सगळं पाठ झालं."

"ता पण खरा," ते म्हणाले. "मग आता दोन दिवस मी तोंड उघडत नाय."

आणि खरंच उघडलं नाही. वही त्यांनी पोटमाळ्यावर टाकली आणि मी नव्या आवृत्तीचा छापलेला कागद दिला तो घेऊन बसले. मी म्हणत राहायचे. चुकले की ते तळहात उभा करायचे, गोदीत खाली उभा असलेला माणूस क्रेनवाल्याला 'थांब' दाखवतो तसा. बरोबर असलं की बोट गोल फिरवायचे: चालू दे. त्यांनी तीस-पस्तीस वर्षं वरच्या केबिनमध्ये बसून हे हात वाचले होते, आता पहिल्यांदाच खालच्या माणसाचं काम ते करत होते. शेजारणीने दारातून विचारलं, "बाबांचा घसा बसला काय?" आई म्हणाली, "नाय, परीक्षा आहे त्यांची."

दोन दिवसांनी मी पुन्हा पेपर दिला. ब्रेकच्या ओळीला थांबले, मनात शांतता आहे का ते बघितलं आणि 'अप्लाय' लिहिलं. पास झाले.

मला वाटलं होतं की आता सुटले. पण त्या दोन दिवसांत जोड्या नव्याने लागल्या होत्या. माझ्या पार्टनरला दुसरा जोडीदार मिळाला होता आणि ते दोघं पुढच्या आठवड्यात सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, जाणार होते. मला पुढची बॅच सुरू होईपर्यंत, तीन आठवडे, थांबायचं होतं. 'सॉरी यार, माझ्या हातात नव्हतं,' असा त्याचा मेसेज आला. नव्हतंच त्याच्या हातात. तरी मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, 'ठीक आहे, नीट कर.' कंपनीला ह्याबद्दल विचारायला फोन केला तर त्यांनी मला कॉलआउट्सची नवीन यादी पाठवली, वेळ आहे तोवर पक्की करावी म्हणून.

तीन आठवडे मी पुन्हा कपाटासमोर बसले. आईने टॉवेल आधीच काढून खाटेवर ठेवायला सुरुवात केली होती.

सिम्युलेटर दुसऱ्या शहरात होता. नवीन पार्टनर गावाकडचा, कमी बोलणारा, माझ्याच वयाचा. इन्स्ट्रक्टर म्हणून त्याच बाई आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी काही न सांगता केबिनचा दाब घालवला. घंटा वाजायला लागली, लाल दिवा आला, आणि माझ्या तोंडून सगळे शब्द आले. एकाही शब्दाला मी अडले नाही. एका हाताने मास्क ओढला, डोक्यावरून घेतला, आणि त्याचा फुगणारा पट्टा माझ्या अंबाड्यात अडकला. पुढे जाईना, मागे येईना. मी एक डोळा झाकलेल्या अवस्थेत पुढच्या ओळी म्हणत होते आणि पार्टनर स्वतःच्या मास्कमधून ओरडून विचारत होता की तू ऐकतेयस का.

बाईंनी सिम्युलेटर थांबवला. घंटा बंद झाली.

"शब्द बरोबर होते," त्या म्हणाल्या. "पण तू बेशुद्ध आहेस. पुन्हा."

मी केस सोडून मानेजवळ बांधले. पुन्हा अडकला. तिसऱ्या वेळी पट्टा बसला, पण त्या नादात मी एक ओळ गाळली. चौथ्या वेळी दोन्ही जमलं. बाईंनी वहीत टिक केली आणि पुढचा धडा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलजवळच्या पार्लरमध्ये जाऊन मी केस मानेपर्यंत कापून घेतले. लहानपणापासून आईने तेल लावून वाढवलेले केस होते. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तिने फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"मला विचारलं पण नाहीस," म्हणाली.

मी मास्कचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं. मागून बाबांचा आवाज आला, "कागदात लिहिलं होतं काय केसांचं?"

"नाही," मी म्हणाले.

"मग आधीच सांगायला हवं होतं त्यांनी," आई म्हणाली आणि फोन बाबांच्या हातात देऊन भाताचा कुकर बंद करायला गेली.